दिवसाचा मोनार्क, रात्रीचा काजवा : विष एकाच भावकीतलं?

सांजवेळ

गेले दोन उन्हाळे एक विषय डोक्यात घोळतोय, तो इथे मांडते. चुकत असेन तर खुशाल कान धरा.

आम्ही अमेरिकेच्या पूर्व भागात राहतो. घरामागे थोडी ओलसर, गवताळ जागा आहे आणि तिथे मी मुद्दाम यंत्र फिरवत नाही (शेजाऱ्यांच्या नजरा सोसून). त्यात मिल्कवीडची आठ-दहा झाडं आपसूक उगवली आहेत. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईच्या कुळातलंच झाड, पान तोडलं की तसाच पांढरा चीक येतो. जूनच्या सुमारास दिवसभर तिथे मोनार्क फुलपाखरं फिरत असतात. सूर्य मावळतो न मावळतो तोच त्याच गवतातून काजवे उठायला लागतात. एकाची पाळी संपली की दुसऱ्याची सुरू.

परवा योगायोगाने दोघंही एकाच दिवशी हातावर आली. दुपारी कोषातून नुकतीच बाहेर पडलेली मोनार्कची मादी. (नराच्या मागच्या दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका असतो, तो हिला नव्हता. शिवाय मादीच्या पंखांवरच्या काळ्या रेघा जाडसर असतात.) पंखांचा विस्तार नऊ-दहा सेंटिमीटर, पण वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. बोटावर चढली तेव्हा फक्त चार पायांच्या नख्या टोचल्या. पुढचे दोन पाय इतके बारके की छातीशी दुमडून ठेवलेले, चालायला वापरतच नाही.

संध्याकाळी काजवा. शास्त्रीय नाव फोटिनस पायरॅलिस, इकडचा सगळ्यात ओळखीचा काजवा. लांबी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. पाठीवर गडद तपकिरी झाकणं, त्यांना पिवळी किनार. डोकं दिसतच नाही, वरून ढालीसारखा भाग येतो, गुलाबीसर आणि मधोमध काळा डाग. मी मूठ जरा घट्ट मिटली असेन, कारण उघडून पाहिलं तर त्याच्या अंगाच्या कडेने पांढरट थेंब आले होते. चिकट. वासही बरा नव्हता.

हा थेंब काय प्रकार आहे म्हणून वाचत गेले आणि तिथेच अडकले. तो त्याच्या अंगातला द्रव, म्हणजे म्हटलं तर रक्तच. त्यात लुसिबुफॅजिन नावाचं विष असतं. 1978 साली थॉमस आयझनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ओळखलं आणि हे नाव दिलं. नावातला 'लुसि' उजेडाचा आणि 'बुफो' म्हणजे भेक, कारण भेकाच्या कातडीतल्या विषाशी याचं जवळचं नातं आहे. मोनार्कच्या अंगात असतात ती कार्डेनोलाइड्स, म्हणजे रुई, कण्हेर, फॉक्सग्लोव्ह यांच्यातल्या विषाचा प्रकार. गंमत अशी की ही दोन्ही विषं एकाच घराण्यातली. दोन्ही पेशीतल्या सोडियम-पोटॅशियमच्या पंपाला (हे दोन क्षार पेशीच्या आत-बाहेर करणाऱ्या प्रथिनाला) पाचर मारतात आणि त्याचा पहिला फटका हृदयाला बसतो. (थोड्या मात्रेत याच घराण्यातलं डिगॉक्सिन हृदयरोगावर देतात.)

तर माझा प्रश्न : दिवसा मिरवणारे केशरी-काळे पंख आणि रात्री लुकलुकणारा पिवळा दिवा, या एकाच पाटीच्या दोन लिपी आहेत का? "खाऊ नका, पस्तावाल" अशी ती पाटी.

शंकेखोर

धागा छान, पण संबंध बादरायण वाटतो. एक फुलपाखरू, दुसरा भुंगेरा. दोघांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले. दोघंही अंडं, अळी, कोष, प्रौढ या चारही अवस्थांतून जातात हे मान्य, पण ते तर माशी-मुंगीलाही लागू आहे.

आणि काजव्याचा दिवा लग्न जमवायचा असतो हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. मोनार्कचा रंग लग्न जमवायचा नाही. मग एक पाटी कशी?

निवांत

शाळकरी पोराला एवढंच माहीत असतं की काजवा काड्यापेटीत ठेवला की सकाळी मरतो. :)

भुंगेरा

शंकेखोर, तुमच्या प्रश्नातच उत्तर दडलंय. दिवा जर फक्त लग्नासाठी असेल तर अळी का चमकते?

आजवर माहीत असलेल्या सगळ्या काजव्यांच्या अळ्या चमकतात. सगळ्या. फोटिनसची अळी जमिनीत राहते, गांडुळं, गोगलगाई, शेंबड्या खाते, आणि या अवस्थेत ती एक-दोन वर्षं काढते. तिला ना पंख ना लग्नाची घाई, तरी शेपटीजवळ दोन बारके दिवे असतात आणि कुणी डिवचलं की पेटतात. ती कडू असते. अंधारात केशरी रंगाचा काय उपयोग? तिथे उजेडच दाखवावा लागतो.

उलट बाजूने बघा. काही जातींचे प्रौढ काजवे अजिबात चमकत नाहीत. ते दिवसा फिरतात आणि वासावरून जोडीदार शोधतात. पण त्यांच्याही अळ्या चमकतात. म्हणजे दिवा प्रौढाचा नव्हेच मुळी, तो अळीचा. काजव्यांच्या वंशात उजेड आधी धोक्याचा कंदील म्हणून आला आणि तोच पुढे प्रौढांनी लग्नपत्रिकेसाठी वापरला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ताईंची पाटी बरोबर आहे, फक्त काजव्याने त्याच पाटीच्या मागच्या बाजूला स्थळाची जाहिरातही लिहून टाकली.

शंकेखोर

हं. अळीचं माहीत नव्हतं. अर्धा शब्द मागे घेतो.

टिकोजी

काजव्याचा प्रकाश हा जगातला सर्वात कार्यक्षम प्रकाश आहे. शंभर टक्के ऊर्जा उजेडात जाते, उष्णता शून्य. माणसाचा बल्ब याच्यापुढे पाणी भरतो. फुलपाखराकडे असं काय आहे?

भुंगेरा

टिकोजी, शंभर टक्क्यांचं सगळीकडे छापलेलं असतं, त्यामुळे दोष तुमचा नाही. पण आकडा चुकीचा आहे.

यंत्रणा थोडक्यात अशी. लुसिफेरिन नावाचं रसायन, लुसिफेरेज नावाचं विकर, मॅग्नेशियम, ऑक्सिजन आणि एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू). एटीपीची गरज विल्यम मॅकएलरॉय यांनी 1947 साली दाखवली, आणि त्यासाठी लागणारे काजवे पोरांना पैसे देऊन गोळा करवले. (अशी सुट्टीतली कामं आमच्या वाट्याला का नाही आली!) यात लुसिफेरिनचे शंभर रेणू जळले तर प्रकाशाचे किती कण सुटतात, हे 1960 साली मोजलं तेव्हा 88 आले. तिथूनच पुढे "जवळजवळ शंभर" झालं. 2008 साली अधिक नेमक्या उपकरणांनी पुन्हा मोजलं तेव्हा आकडा 41 वर आला.

41 सुद्धा फार मोठा आकडा आहे बरं. आणि उजेड थंड असतो हे खरंच, नाहीतर काजवा स्वतःच्याच शेपटीने भाजला असता. पण शंभर नाही.

अवांतर : लुसिफेरिन-लुसिफेरेज ही नावं 1880 च्या दशकात राफाएल द्युबुआ यांनी दिली, पण त्यांनी ज्यावर काम केलं तो काजवा नव्हता. तो होता एक उडी मारणारा भुंगेरा, पाठीच्या पुढच्या भागावर दोन दिवे असलेला, आणि नंतर एक चमकणारा शिंपला. चमकणारा प्रत्येक भुंगेरा काजवा नसतो.

टिकोजी

बरं, 41. बल्ब तरीही पाणीच भरतो.

रुईमांदार

मी मोनार्कच्या बाजूने बोलते, कारण गेली काही वर्षं त्यांच्या अळ्या जवळून बघतेय. (घरात पेटीत वाढवत नाही, झाडावरच बघते. बंद जागेत वाढवलेल्यांना शरद ऋतूत दक्षिणेची दिशा नीट धरता येत नाही, असं 2019 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं. तेव्हापासून पेटी माळ्यावर.)

विष अंगात साठवायचं हे बोलायला सोपं आहे. मोनार्कला ते जन्मतः मिळत नाही, खाऊन मिळवावं लागतं. आणि खाताना जीव जातो. अंड्यातून निघालेली अळी दोन-तीन मिलिमीटरची, बारीक शिवणदोऱ्याच्या तुकड्याएवढी. आधी अंड्याचं कवच खाते. मग मिल्कवीडच्या लवदार पानाला तोंड लावायचं, तर चावल्या ठिकाणी चिकाचा थेंब येतो, आणि त्यातच जबडे चिकटून कित्येक अळ्या पहिल्याच दिवशी मरतात. ज्या टिकतात त्या काय करतात, तर पानावर आधी कंपासने काढावा तसा एक छोटा गोल कुरतडतात, चीक त्या चरातून वाहून जाऊ देतात, आणि मग मधली चकती खातात. बोटभर झालेली अळी तर याहून हुशार. ती देठाजवळची मुख्य शीर अर्धवट कापते, पान मान टाकतं, चिकाचा पुरवठा तुटतो, मग निवांत जेवण. झाडावर असं लोंबणारं पान दिसलं की समजायचं, खाली कुणीतरी आहे.

दोनेक आठवड्यांत चार वेळा कात टाकून वजन साधारण दोन हजार पट होतं. त्यानंतरचा प्रसंग मी एकदाच सलग बघितलाय. अळीने काडीच्या खालच्या बाजूला रेशमाची गादी विणली, मागचे पाय त्यात अडकवले आणि डोकं वळवून आकड्यासारखी लटकली. रात्रभर तशीच. सकाळी डोक्याजवळच्या काळ्या शिंगांसारख्या दोऱ्या सरळ ताठ होत्या त्या लुळ्या पडल्या, पीळ बसल्यासारख्या. तेव्हा चहा टाकायला गेले असते तर हुकलंच असतं. मानेमागे कातडी उलली, आतून हिरवं काहीतरी वळवळत वर सरकलं, पट्ट्यापट्ट्यांची कातडी मोज्यासारखी गोळा होत गेली. शेवटी तो हिरवा कोष क्षणभर नुसता टोकावर तोलून, झटके देत, रेशमात आपली खुंटी रोवतो. पाच मिनिटांत खेळ खलास. त्यावर सोनेरी ठिपके असतात, अगदी वर्ख लावल्यासारखे.

हा सगळा काळ ते विष अंगात असतं. कोषात शरीराची मोडतोड होऊन नवं शरीर घडतं, पण विष फुलपाखरापर्यंत पोचतं. आणि पंखांत त्याची तीव्रता बाकीच्या अंगापेक्षा जास्त असते. पक्ष्याची चोच आधी पंखावरच पडते ना.

चष्मिश

ताई, तुम्ही लिहिता तेव्हा चहा थंड होतो. वाचनखूण साठवली.

सांजवेळ

रुईमांदारताई, "आकड्यासारखी लटकली" वाचून लख्ख पेटली! फोटिनसचा नरही उडताना आकडाच काढतो. आधी जरा खाली येतो, मग दिवा लावून वर उसळतो. उजेडाची रेघ इंग्रजी 'जे' अक्षरासारखी दिसते. अर्धाएक सेकंद उजेड, मग पाचसहा सेकंद काळोख, मग पुढचा आकडा. या दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही हे मला कळतं, शंकेखोरांनी उगाच सरसावू नये.

शंकेखोर

सरसावलो होतो, बसलो.

एक खरी शंका. "पक्षी मोनार्क खात नाहीत" हे ऐकीव आहे की कुणी तपासलंय? कारण कडू लागतं हे आपण म्हणतो, पक्ष्याला कोण विचारायला गेलं?

रुईमांदार

गेले होते, लिंकन ब्राउअर. 1960 च्या दशकात. पिंजऱ्यातल्या ब्लू जे पक्ष्यांना, ज्यांनी आयुष्यात मोनार्क पाहिलेलं नाही अशांना, मोनार्क दिलं. पक्ष्याने मिटक्या मारत खाल्लं, आणि थोड्याच वेळात पिसं फुलवून ओकला. त्यानंतर मोनार्क नुसतं दिसलं तरी तो तोंड फिरवायचा. ओकणाऱ्या ब्लू जेचा फोटो खूप प्रसिद्ध आहे.

पण मला यातला आवडता भाग वेगळाच. दोष विषाचाच आहे हे सिद्ध कसं करायचं? तर ब्राउअर यांनी मोनार्कच्या काही अळ्या कोबीवर वाढवल्या. मोनार्कची अळी कोबी खात नाही, खाणाऱ्या अळ्या निवडून निवडून तशी पैदास करावी लागली. कोबीवरचं मोनार्क दिसायला हुबेहूब तसंच, पण पक्ष्यांनी खाल्लं आणि काही झालं नाही. केशरी रंग म्हणजे नुसती पाटी. खरं दुकान रुईच्या घरचं.

आणि पाटी सगळ्यांना लागू पडत नाही. मेक्सिकोत जिथे मोनार्क हिवाळा काढतात तिथे दोन जातींचे पक्षी त्यांच्यावर रोज ताव मारतात. काळ्या डोक्याचा ग्रोसबीक विषाला बऱ्यापैकी दाद देत नाही, आणि काळ्या पाठीचा हळद्या (ओरिओल) वरची कातडी सोडून आतलं मऊ तेवढं खातो. फणस खाणाऱ्याला गरे कुठे असतात ते कळतं.

निवांत

आणि ते दुसरं फुलपाखरू, व्हाइसरॉय? ते बिनविषारी असून मोनार्कचा वेष घेतं असं पुस्तकात होतं.

रुईमांदार

पुस्तक जुनं. 1991 साली पंख काढून नुसती धडं पक्ष्यांना दिली, म्हणजे रंग बघून निवडायची सोयच नाही. व्हाइसरॉयसुद्धा पक्ष्यांना तितकंच नकोसं झालं. दोघंही कडू, दोघंही सारखा गणवेश घालतात, आणि धडा शिकताना पक्षी जे दोनचार बळी घेतात ते दोघांत वाटले जातात.

चष्मिश

आता माझा अनुभव, आणि तो हसण्यावारी नेऊ नका.

माझ्या भाच्याकडे पाळलेला दाढीवाला सरडा आहे (बिअर्डेड ड्रॅगन, मूळचा ऑस्ट्रेलियाचा). काचेच्या पेटीत असतो, रातकिडे खातो. एका संध्याकाळी भाच्याने अंगणातून मूठभर काजवे आणले आणि पेटीत सोडणार, तेवढ्यात त्याच्या आईने वाफाळत्या भांड्यासकट धावत येऊन हात धरला. तिने कुठेतरी वाचलं होतं. मला वाटलं, उगाच. मग मीही वाचलं.

1999 साली पशुवैद्यांच्या नियतकालिकात अशा सरड्यांच्या मृत्यूंची नोंद आली आहे. खाल्ल्यावर डोकं झटकतो, तोंड वासतो, रंग काळवंडतो, आणि तासा-दोन तासांत मरतो. एक काजवासुद्धा पुरेसा होऊ शकतो. कारण भेक असो वा सरडा, ज्या प्राण्याच्या पूर्वजांना या काजव्यांशी कधी गाठ पडली नाही, त्याला पाटी वाचता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या सरड्याला अमेरिकेच्या काजव्याची लिपी कुठली येणार?

आपल्याकडे "डोळ्यांपुढे काजवे चमकले" म्हणतात ते या सरड्याला फार शब्दशः भोवलं असतं. कुणाकडे पाळीव सरडे, बेडूक असतील त्यांनी काजव्यांपासून दूर ठेवा, बस.

टिकोजी

बाप रे. हे धाग्याच्या मथळ्यातच टाका.

भुंगेरा

चष्मिश यांनी फार मोलाचं लिहिलं. याच लुसिबुफॅजिनची पुढची गोष्ट सांगतो, कारण मोनार्क आणि काजवा यांच्यात खरा फरक तिथे पडतो.

मोनार्क विष झाडाकडून घेतं. फोटिनसकडे तसं झाड नाही, त्याची अळी मांसाहारी, आणि प्रौढ तर बहुधा काही खातच नाही. तरी त्याच्याकडे विष आहे. काजव्यांचीच दुसरी एक जात आहे, फोट्युरिस. अंगाने मोठी, लांब पायांची, चपळ. हिच्याकडे हे विष नसतं. मग ती काय करते?

फोटिनसचा नर आकडा काढत उडतो, गवतात बसलेली फोटिनसची मादी बरोबर दोनेक सेकंद थांबून एकदा चमकते. जात ओळखायची खूण या थांबण्यातच आहे. फोट्युरिसची मादी ही खूण पाठ करून बसलेली असते. नराने विचारलं की दोन सेकंद थांबून तीच उत्तर देते. नर खाली उतरतो, आणि ती त्याला खाऊन टाकते. जेम्स लॉइड यांनी 1965 साली हे मांडलं, पुढे असंही दिसलं की एकच मादी समोरचा नर कुठल्या जातीचा आहे ते पाहून उत्तराची लय बदलते.

बरीच वर्षं वाटायचं, भूक लागते म्हणून खाते. 1997 साली आयझनर यांच्याच गटाने दाखवलं की तिला जेवणापेक्षा औषधाची गरज जास्त आहे. नर खाल्ला की लुसिबुफॅजिन तिच्या अंगात जातं. न खाल्लेल्या मादीला उड्या मारणारे कोळी मटकावतात, खाल्लेलीला तोंड लावून सोडून देतात. ती ते विष आपल्या अंड्यांनाही देते.

निवांत

विषकन्याच की ही! फक्त क्रम उलटा. विषकन्या आधी विषारी होते आणि मग मारते, ही आधी मारते आणि मग विषारी होते.

भुंगेरा

निवांत, यापुढे मी तिला विषकन्याच म्हणणार. परवानगी गृहीत धरतो.

सांजवेळ

म्हणजे तीन तऱ्हा झाल्या. मोनार्क झाडाकडून उसनं घेतं, फोटिनस घरचं वापरतो, विषकन्या दरोडा घालते. आणि माल एकाच घराण्यातला!

एक राहिलं. हे विष पंपालाच पाचर मारत असेल तर मोनार्क स्वतः कसं मरत नाही?

भुंगेरा

त्याचा पंप जरा वेगळ्या घडणीचा आहे. त्या प्रथिनात मोजक्या जागी बदल आहेत, त्यामुळे विष तिथे घट्ट बसत नाही. 2019 साली हेच बदल प्रयोगशाळेत साध्या फळमाशीच्या जनुकात एकेक करून घातले. तीन बदल घातलेली माशी मिल्कवीडचं विष पचवू लागली. एवढंच नव्हे, कोषातून बाहेर आल्यावरही थोडं विष तिच्या अंगात शिल्लक होतं, मोनार्कसारखंच. किल्ली तीच, कुलूप बदललं.

शंकेखोर

आता मला एक तुलना करू द्या, कारण इतका वेळ नुसता वकिली करत होतो.

लोकांच्या मनात काजवा म्हणजे क्षणभंगुर आणि मोनार्क म्हणजे लांब पल्ल्याचा प्रवासी. प्रवासाचं ठीक आहे. शरद ऋतूतलं मोनार्क कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातून निघून मध्य मेक्सिकोत मिचोआकानच्या डोंगरांवर जातं, काही जण 4,000 किलोमीटरपेक्षा जास्त अंतर कापतात. तीन हजार मीटर उंचीवरच्या ओयामेल नावाच्या सूचिपर्णी झाडांवर हिवाळा काढतात. बाहेरच्या अभ्यासकांना ही जागा 1975 च्या जानेवारीत सापडली, तिथल्या गावकऱ्यांना अर्थातच आधीपासून माहीत होती. दिशा सूर्यावरून धरतात, आणि सूर्य सरकतो त्याचा हिशोब ठेवणारं घड्याळ त्यांच्या मिशांत असतं. मिशा कापल्या की वाट चुकतात.

फोटिनस काय करतो? ज्या गवतात जन्मला त्याच गवतात बहुधा मरतो. त्याच्या माद्यांना पंख असूनही त्या क्वचितच उडतात.

पण आयुष्य मोजा. हिवाळा काढणारी मोनार्कची पिढी आठएक महिने जगते, ती सोडली तर उन्हाळ्यातली पिढी प्रौढ झाल्यावर दोन ते सहा आठवडे. अंड्यापासून धरलं तरी दोनअडीच महिन्यांत कारभार आटोपतो. ज्याला आपण क्षणभंगुर म्हणतो तो काजवा मात्र एक-दोन वर्षं जमिनीखाली काढून आलेला असतो. आपल्याला दिसतात ते त्याचे शेवटचे काही दिवस. म्हणजे अंगणात रात्री काजवा चमकतो, तर दिवसा त्याच गवतावर फिरणारी मोनार्क त्याच्या नातवंडांच्या वयाची.

टिकोजी

हे मस्त. मूळ शंकेखोर हरवला, कुणी पाहिला का?

रुईमांदार

दोघांच्या संख्येबद्दल. मोनार्क हिवाळ्यात एका जागी गोळा होतात, म्हणून त्यांचा जमाखर्च तरी ठेवता येतो. मेक्सिकोत डोकी मोजत नाहीत, किती हेक्टर जंगल त्यांनी व्यापलं ते मोजतात. 1996-97 च्या हिवाळ्यात 18 हेक्टर होतं. 2013-14 मध्ये 0.67. मधेच वर जातं, पुन्हा खाली येतं. 2023-24 मध्ये 0.9 आणि पुढच्या हिवाळ्यात 1.79. तणनाशक सोसणारी पिकं आली तशी शेतातली मिल्कवीड संपत गेली, हे एक मोठं कारण.

काजव्यांची अशी वही नाही. आपले फोटिनस तर असे एका जागी जमतच नाहीत. ओली माती, पालापाचोळा आणि काळोख गेला की ते जातात, आणि कळतं तेही कुणाला तरी "लहानपणी असायचे" असं आठवलं तर. अंगणातले दिवे रात्रभर जळत असतील तर नराचा प्रश्न आणि मादीचं उत्तर दोन्ही त्या झगमगाटात विरून जातात.

निवांत

सांजवेळताई, काजवे पिवळेच का? अळीचा उजेड मला हिरवट आठवतो.

भुंगेरा

त्यांच्या वतीने मीच सांगतो. जे काजवे संधिप्रकाशात उडतात त्यांचा उजेड पिवळ्याकडे झुकतो, जे गडद अंधारात उडतात त्यांचा हिरव्याकडे. संध्याकाळी गवतावरून परतणारा उजेड हिरवा असतो, त्यात हिरवा दिवा उठून दिसला नसता. विषकन्या उशिरा कामाला लागते, तिचा उजेड हिरवट.

सांजवेळ

काल रात्री प्रयोग केला. भुंगेरासाहेबांचं "दोन सेकंद" डोक्यात बसलं होतं.

पेनाएवढी छोटी बॅटरी घेतली, तोंडावर बोट दाबलं म्हणजे उजेड बेताचाच फुटेल. गवतात पालथी पडले. नर साधारण कमरेच्या उंचीवरून आकडे काढत जात होता. त्याने चमकावलं, मी मनात "एक हजार एक, एक हजार दोन" म्हटलं आणि बोट अर्धा सेकंद उचललं. पहिल्यांदा गेला निघून. माझं उत्तर बहुतेक लवकर पडलं. दुसऱ्या वेळी थांबला. हवेतच वळला आणि माझ्या दिशेने पुन्हा चमकला. मी पुन्हा दोन मोजून उत्तर दिलं. असं चार-पाच वेळा. प्रत्येक वेळी खाली, जवळ. शेवटी माझ्या हातापासून वीतभर अंतरावर गवताच्या पात्यावर उतरला आणि चालत यायला लागला. मिशा सारख्या हलत होत्या. बॅटरीच्या कडेवर चढला, एक फेरी मारली. मला इतकं अपराधी वाटलं की मी बॅटरी बंदच केली.

तो तिथूनच एकदा चमकला. मी उत्तर दिलं नाही. पण दोन सेकंदांनी डावीकडच्या गवतातून कुणीतरी दिलं. उजेड मला जरा हिरवट वाटला, पण शपथेवर सांगत नाही. तो लगेच उडाला आणि तिकडे गेला.

निवांत

मग?

सांजवेळ

मग दोघंही चमकले नाहीत. मी दहा मिनिटं बसून होते.

शंकेखोर

सकाळी तिथे जाऊन बघितलंत?

सांजवेळ

बघितलं. पाठीवरचं एक झाकण सापडलं. तपकिरी, पिवळ्या काठाचं.